खापरपणजी ‘राणी’ होती का? जुन्या कागदांतल्या बायकांचे मानशब्द

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमचे घराणे कुडाळकडचे, देसाईपणाचे वतन असलेले. माळ्यावरच्या पेटीत तीन मोडी कागद सापडले. एकात ‘चिरंजीव सौभाग्यवती’ अमुकबाई, दुसऱ्यात ‘वज्रचुडेमंडित सौभाग्यवती’ अमुकबाईसाहेब. तिसऱ्यात नावच नाही, नुसते ‘गंगाभागीरथी मातुश्री आईसाहेब’. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की आपली एक खापरपणजी राणी होती. परदेशातल्या चुलतभावाने वंशावळीत तिच्यापुढे ‘डचेस’ लिहून टाकले आहे. मे महिन्यात कुळातली सगळी माणसे गावी जमणार, तेव्हा पुस्तिकेत काय छापायचे आणि या तीन बायका की एकच, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली तीसेक वर्षे कोकणातल्या घरांतली दप्तरे वाचते. माझे मत असे की बहुतेक ही एकच बाई आहे, आयुष्याच्या तीन टप्प्यांवरची. ती राणी नव्हती आणि डचेस तर नव्हतीच. पण म्हणून ती लहान ठरत नाही. या तीन कागदांत तिचा मान नेमका लिहिलेला आहे, फक्त तो आपल्याला वाचायची सवय राहिलेली नाही.

पत्राच्या आरंभी ज्या ठरीव शब्दांनी माणसाला हाक मारतात त्याला मायना म्हणतात. पुरुषांचा मायना त्यांचा हुद्दा, जात, विद्या आणि लिहिणाऱ्याशी असलेले नाते पाहून ठरे. भिक्षुकाला ‘वेदमूर्ती’, गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’, मोठ्या सरदाराला ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत’. बाईचा मायना मात्र दोन गोष्टींवर फिरतो: नवरा हयात आहे की नाही, आणि लिहिणारा तिच्याहून थोर की धाकटा. ‘चिरंजीव’ म्हणजे लिहिणारा वडीलधारा, सासरा किंवा बाप. ‘वज्रचुडेमंडित’ म्हणजे जिच्या हातातला चुडा वज्रासारखा अभंग राहो ती. हा शब्द बहुतेक करून बरोबरीच्या किंवा बाहेरच्या घराकडून येतो. तेव्हा तुमचा दुसरा कागद बहुधा दुसऱ्या एखाद्या मानकऱ्याचा असावा. ‘गंगाभागीरथी’ म्हणजे नवरा गेलेला. ‘मातुश्री’ लिहिणारा मुलगा असेल किंवा मुलाच्या जागी असलेला कोणी, दत्तक असेल, कारभारी असेल.

चिरंजीव, मग वज्रचुडेमंडित, मग गंगाभागीरथी. वय वाढत जाते तसा मायना बदलत जातो. पण तिसऱ्या कागदात तिचे नाव गळून पडले, याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यांत मोठी खूण आहे. घरात आईसाहेब एकच असतात. सत्तेवर बसलेल्या पुरुषाची आई किंवा ती नसेल तर त्या जागी बसलेली बाई. नाव लिहायची गरज उरत नाही, इतका तिचा मान पक्का झालेला असतो.

आता ‘साहेब’. मूळ अरबी शब्द. उर्दूत बाईसाठी त्याचे ‘साहिबा’ होते. आपण तसे केले नाही. बाईसाहेब, आईसाहेब, वहिनीसाहेब, ताईसाहेब, अक्कासाहेब, काकीसाहेब: शब्द पुल्लिंगीच राहिला आणि क्रियापद आदराचे बहुवचन झाले, ‘आईसाहेब म्हणाल्या’. नात्याच्या शब्दाला साहेब जोडला की त्याची पदवी होते, ही आपली रीत. आणि यातली नाती कुठलीही नसतात. कागद वाचताना मी हे असे लावते: ‘अक्कासाहेब’, ‘ताईसाहेब’ दिसले की ती त्या घरची लेक. ती सासरी गेली तरी माहेरच्या कागदांत म्हातारपणीही ताईसाहेबच राहते. ‘वहिनीसाहेब’ म्हणजे घरात आलेली सून, आणि लिहिणारा दीर किंवा दिराच्या बाजूचा माणूस. नुसते ‘बाईसाहेब’ म्हणजे घरधन्याची बायको. ‘थोरल्या’ आणि ‘धाकट्या’ हे वयावर नाहीत, लग्नाच्या क्रमावर आहेत. धाकट्या बाईसाहेब थोरलीपेक्षा वयाने मोठ्या असल्याचेही मी पाहिले आहे.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तुमच्याकडून तीच व्हायची भीती वाटते. सुरुवातीच्या काळात रत्नागिरीकडच्या एका घराण्याची वंशावळ मी लावून दिली. त्यात ‘धाकट्या बाईसाहेब’ एका वर्षानंतर कागदांतून नाहीशा होतात आणि ‘थोरल्या बाईसाहेब’ मात्र पुढे बावीस वर्षे दिसतात. मी धाकटी वारली असे लिहिले. पुढे श्राद्धाच्या खर्चाची एक याद हाती आली. वारली होती ती थोरली. तिच्या मागे धाकटीलाच ‘थोरल्या’ म्हणू लागले होते. माणूस तेच, जागा बदलली. एका बाईला मी बावीस वर्षे आधी मारून टाकले होते आणि तिने सांभाळलेला सगळा कारभार दुसरीच्या नावावर घातला होता. त्या घरी जाऊन मी वंशावळ बदलून दिली, पण छापलेल्या प्रती आधीच वाटून झाल्या होत्या. तेव्हापासून मी कुठलाही मानशब्द वर्षाशिवाय टिपून ठेवत नाही.

वर्ष काढायचे कसे, तेही सांगून टाकते. शके असेल तर ७८ मिळवा, वर्षअखेरच्या महिन्यांत ७९. पण देसायांच्या कागदांत बरेचदा सुहूर सन नावाची जुनी कालगणना असते आणि तो अरबी अंकशब्दांत लिहितात. ‘सलास समानीन मया व अलफ’ म्हणजे तीन, ऐंशी, शंभर आणि हजार, एकूण ११८३. त्यात ५९९ मिळवले की १७८२. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून डिसेंबरानंतरच्या तारखांना ६०० मिळवायचे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्या कागदाचा हा भाग घडीत गेला आहे. घडी उलगडून पुन्हा बघा.

आता राणीकडे येते. ‘राणी’ हा शब्द संस्कृत ‘राज्ञी’वरून आला. राजाची बायको किंवा स्वतः राज्य करणारी, दोन्ही राणीच. पण राजाच्या घरातही सगळ्या बायका सारख्या राण्या नसत. वैदिक यज्ञात राजाच्या चार बायका वेगवेगळ्या नावांनी येतात: महिषी, वावाता, परिवृक्ती आणि पालागली. महिषी पहिली, अभिषेकाच्या वेळी राजाबरोबर बसणारी. वावाता आवडती, परिवृक्ती दूर सारलेली. नावे ऐकूनच त्या घरातले वातावरण कळते. पुढे ‘पट्टराणी’ आली. पट्ट म्हणजे कपाळावर बांधायची सोन्याची पट्टी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने या पट्ट्यांची मापे देऊन ठेवली आहेत: राजाचा पट्टा मध्यभागी आठ अंगुळे रुंद, महिषीचा सात, युवराजाचा सहा, सेनापतीचा चार, आणि राजाने खूष होऊन दिलेला प्रसादपट्ट दोन. एका अंगुळाचा फरक, पण महिषी युवराजाच्या वर. मानाची उतरंड इतकी स्वच्छ मोजून दिलेली मला दुसरीकडे कुठे भेटलेली नाही.

आपल्या कोकणात असा पट्टाभिषेक रायगडावर झाला. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांबरोबर सोयराबाई पट्टराणी म्हणून बसल्या. त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला, खाली पाचाडच्या वाड्यात जिजाबाई वारल्या. आज आपण त्यांना राजमाता म्हणतो, ते योग्यच आहे. पण त्या काळच्या माणसांच्या तोंडी असलेला शब्द ‘आऊसाहेब’. आऊ म्हणजे आई. छत्रपतींच्या आईलाही नात्याच्याच शब्दाने मान दिला गेला, आणि तुमच्या तिसऱ्या कागदातला ‘आईसाहेब’ त्याच कुळीतला आहे.

येसूबाईंचे उदाहरण मला याहूनही जवळचे वाटते, कारण त्या कोकणच्या लेक, संगमेश्वराजवळच्या शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या. संभाजी महाराजांनी त्यांना कारभाराचा अधिकार दिला तेव्हा शिक्का करून दिला: ‘श्री सखी राज्ञी जयति’. त्यात त्यांचे नाव नाही, बापाचे नाही, नवऱ्याचेही नाही. सखी आणि राज्ञी, एवढे दोनच शब्द. पदवी आणि अधिकार यांतला फरक समजायचा तर हा शिक्का डोळ्यांपुढे ठेवावा. मानशब्द लोक देतात, शिक्का राजा देतो. शिक्का ज्या बाईच्या हाती तिच्या कागदाने वसूल थांबतो किंवा सुटतो. १६८९ मध्ये रायगड पडला, त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये परत आल्या. तीस वर्षे शिक्का नव्हता, मान होता.

पेशव्यांचे घराणेही कोकणातले, श्रीवर्धनचे भट. पण त्यांच्या बायका कधी राण्या झाल्या नाहीत, होऊही शकत नव्हत्या. पेशवा हा प्रधान, राजा साताऱ्यात. म्हणून काशीबाईसाहेब, गोपिकाबाईसाहेब. बाळाजी विश्वनाथांच्या मागे राधाबाई ‘मातुश्री’. गुहागरच्या ओकांची लेक आनंदीबाई पुण्याच्या राजकारणात एवढी गाजली, तीही ‘बाईसाहेब’च. झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गाव लांज्याकडचे कोट. लक्ष्मीबाई मात्र संस्थानिकाची पत्नी, म्हणून राणी. तरी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे अठराशे सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत झाशीत अडकले होते, ते तिच्याविषयी लिहिताना ‘बाईसाहेब’ म्हणतात. ‘राणी’ हा बाहेरच्यांनी ओळख सांगायचा शब्द, ‘बाईसाहेब’ हा घरातल्यांनी हाक मारायचा. तुमच्या घरच्या आठवणीतली ‘राणी’ मला अशीच आलेली वाटते. गावाने कौतुकाने म्हटले, पुढच्या पिढीने ते पदवी म्हणून धरले.

तुमच्या भागातलेच उदाहरण घ्या. सावंतवाडीचे भोसले मुळात कुडाळ प्रांताचे सरदेसाई. तिसऱ्या खेम सावंतांचे लग्न जयाप्पा शिंद्यांची मुलगी लक्ष्मीबाई हिच्याशी १७६३ मध्ये झाले आणि शिंद्यांच्या वजनाने दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ ही पदवी आली. पदवी नवऱ्याला मिळाली, पण ती आली बायकोच्या माहेरामुळे. हे वाक्य मी व्याख्यानात मुद्दाम दोनदा सांगते. खेम सावंत १८०३ मध्ये वारले. मागे मुलगा नव्हता, चार विधवा होत्या. थोरल्या लक्ष्मीबाईंनी कारभार हाती घेतला, दत्तक घेतला. तो दत्तक मारला गेला. पुढे सूत्रे दुर्गाबाईंकडे गेली आणि १८१९ मध्ये इंग्रजांची फौज येईपर्यंत वाडीच्या राजकारणात त्यांचाच शब्द चालत होता. म्हणजे सोळा वर्षे वाडीच्या गादीभोवतीचा खरा अधिकार गंगाभागीरथींच्या हाती होता. मायन्यात हा शब्द दिसला की आज आपल्याला वाईट वाटते, नवरा गेलेली बाई म्हणजे कोपऱ्यात बसवलेली, असे चित्र उभे राहते. खालच्या घरांत ते खरेही होते. पण वतनदार घरात मुलगा लहान असेल तर त्याच बाईकडे किल्ल्या येत. तुमच्या तिसऱ्या कागदात ‘गंगाभागीरथी’ आणि ‘आईसाहेब’ जोडीने आले आहेत ते याचसाठी.

सगळ्यांच्या वाट्याला हे आले नाही. अलिबागच्या आंग्ऱ्यांचे घ्या. कान्होजींना ‘सरखेल’, म्हणजे आरमारप्रमुख, ही पदवी होती, पुढे भावांत वाटणी झाली तेव्हा मानाजींना ‘वजारतमाब’. या दोन्ही पदव्यांचे स्त्रीरूप झालेले मी तरी कुठे वाचलेले नाही. दर्यावरचा हुद्दा घरात शिरला नाही, बायका ‘बाई’च राहिल्या. १८३८ मध्ये शेवटचे रघोजी आंग्रे वारले. त्यांच्या मागे जन्मलेले मूल पुढच्याच वर्षी गेले. घराण्याने दत्तकाची परवानगी मागितली, कंपनीने ती नाकारली आणि १८४० मध्ये आंग्ऱ्यांचे कुलाबा संस्थान खालसा केले. विधवेला दत्तक घेता येणे हाच तिच्या पदाचा कणा होता, तो मोडला की मानशब्द नुसता उरतो.

वाडीची गंजिफा तुम्ही लहानपणी पाहिली असेल. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा आणि एक प्रधान, बाकी दहा पाने अंकांची. राणीचे पान नाही. राणी विलायती पत्त्यांबरोबर आली. राजवाड्यात बसून ती गोल पाने रंगवणाऱ्या चिताऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हे माझ्या ध्यानात आले आणि फार वेळ मनातून गेले नाही, कारण त्याच वाड्यातून बायकांनी एवढा कारभार केला होता. ही कला लोपत चालली होती ती सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. खेळात नसलेल्या राणीनेच तो खेळ वाचवला.

आता मला ज्याविषयी खरे बोलायचे आहे ते. तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या उत्तराचा गाभा तिथे आहे. राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या एका लेखात दान देणाऱ्या लेखनिकाने आपल्या धन्याची ओळख अशी दिली आहे: महाभोजी साडगेरी विजया हिचा मुलगा, महाभोज मांदव खंदपालित. ही घराणी सातवाहनांच्या काळातली, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची. महाभोज हा कोकणातल्या मांडलिकांचा हुद्दा. त्याच्या आईला ‘महाभोजी’ म्हटले आहे आणि मुलाची ओळख तिच्या नावापासून सुरू होते. घाटावर मावळात बेडशाला दुसरा लेख आहे: महाभोजाची मुलगी, मांदवी, महारठिनी सामडिनिका हिचे दान. शब्द नीट बघा. बापाकडून ती महाभोजाची बालिका. ‘मांदवी’ म्हणजे कुड्याच्या त्या मांदव घराण्याशी नाते सांगणारी. आणि नवऱ्याकडून महारठिनी, महारठी या हुद्देदाराची बायको. कोकणची लेक घाट चढून सासरी गेली आणि दगडावर तिने माहेर आधी, सासर मग, असे दोन्ही लिहवून घेतले.

महारठी–महारठिनी. आता आपल्या गावातले शब्द आठवा. खोत–खोतीण, पाटील–पाटलीण, देशमुख–देशमुखीण, देसाई–देसाईण. शेवटचा ‘ईण’ हा त्या ‘इनी’चाच वंशज. मुंबईजवळच्या कान्हेरीपासून तुमच्या कुडाळपर्यंत या किनाऱ्यावर हुद्देदाराच्या बायकोला हुद्द्याचेच स्त्रीरूप लावायची रीत अशी जुनी आहे. तुमच्या आजीला गावातली म्हातारी माणसे ‘देसाईणबाई’ म्हणत असतील. शहरात गेलेल्यांना तो शब्द गावंढळ वाटतो, हे मी अनेक घरांत पाहिले आणि मला त्याची खंत वाटते. ‘राणी’ हा शब्द तुमच्या घरात ऐकीव आहे. ‘देसाईण’ मात्र तुमचा स्वतःचा आहे, वतनाच्या कागदाने सिद्ध होणारा.

कान्हेरीचे नाव निघाले म्हणून सांगते. तिथे पाण्याच्या एका टाक्यावर तुटका लेख आहे. शतेरक नावाच्या अमात्याने ते टाके दिले. लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या ‘देवी’चा, म्हणजे राणीचा उल्लेख आहे. कार्दमक राजवंशात जन्मलेली, महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची मुलगी. नवऱ्याचे नाव उरले, बापाचे घराणे उरले. तिचे स्वतःचे नाव आज त्या दगडावर नाही. याउलट नाणेघाटात, कोकणातल्या वैशाखऱ्याहून वर चढून गेले की, गुहेत पुतळ्यांच्या जागांवर नावे कोरलेली आहेत. त्यांत एका ठिकाणी ‘देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी’ असे दोघांचे आहे. आधी तिचे. नाशिकला गौतमी बलश्री स्वतःला महादेवी म्हणवते आणि पुढे महाराजाची आई, महाराजाची आजी असेही सांगते. मुलाच्या आणि नातवाच्या गादीवरून आपला मान सांगणारी ही बाई पाहिली की आपल्या आईसाहेब, आजीसाहेब कुठून आल्या ते उमगते.

मुसलमानी घरांचे एकदोन शब्दांत. जंजिऱ्याचे नवाब, त्यांच्या घरच्या बायका बेगम. हा तुर्की शब्द, ‘बेग’चे स्त्रीरूप, जसे खानचे खानम. कोकणी मुसलमानांच्या मोडी कागदांत बीबी दिसते आणि नवऱ्याच्या नावाआधी ‘जौजे’ येते, म्हणजे अमक्याची बायको. हिंदू घरांत त्याच जागी ‘कोम’ किंवा ‘मर्द’ असते. ‘मर्द’ पाहून गोंधळू नका, त्याच्या पुढचे नाव नवऱ्याचे.

आणि तुमच्या चुलतभावाचे ‘डचेस’. विलायतेत सरदारांच्या पाच पायऱ्या आहेत: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. त्यांच्या बायका अनुक्रमे डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस, बॅरोनेस. ही पदवी मुकुटाकडून सनदेने येते आणि तिची पायरी ठरलेली असते. देसाई हा परगण्याच्या वसुलाचा वंशपरंपरेचा अधिकारी. त्याला कुठल्याच पायरीवर बसवता येत नाही, आणि बसवायचे कारणही नाही. विलायती पदव्या या किनाऱ्यावर आल्या त्या वेगळ्या वाटांनी. पोर्तुगालची इन्फांता, म्हणजे राजकन्या, कॅथरीन हिच्या लग्नाच्या १६६१ च्या तहात मुंबई बेट आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला मिळाले. ज्या बेटाने सगळ्या कोकणाला पोटाला लावले, ते एका मुलीच्या लग्नात दिले गेलेले आहे. पुढे १८४२ मध्ये जमशेटजी जीजीभाईंना ‘सर’ मिळाले आणि त्यांच्या पत्नी अवाबाई ‘लेडी’ झाल्या. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडत, माणसे जात. अवाबाईंनी स्वतःच्या पैशातून दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये पूल खुला झाला. आज त्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव लेडी जमशेटजी मार्ग. रोज हजारो माणसे तो पत्ता सांगतात, पण अवाबाई हे नाव कोणाच्या तोंडी येत नाही. पदवी नावाला गिळते ती अशी. तुमच्या पुस्तिकेत असे होऊ देऊ नका.

म्हणून माझा सल्ला. ‘राणी’ लिहू नका. संविधानाच्या १८ व्या कलमाने सरकारने पदव्या देणे बंद झाले, १९७१ मध्ये संस्थानिकांची मान्यताही गेली, त्यामुळे आज या शब्दांना कायद्याचे वजन राहिलेले नाही हे खरे. पण तुमच्या कागदात नसलेले तुम्ही लिहिले तर उद्या तुमच्या नातवंडांना कागद आणि पुस्तिका यांत कोणते खरे हे ठरवता येणार नाही. तिचे स्वतःचे नाव आधी लिहा. मग कागदात आहे तो मानशब्द, ‘बाईसाहेब’, आणि कंसात कागदाचे वर्ष. पुढे ‘अमुक गावची देसाईण’. आणि त्यानंतर अमुक घराण्याची लेक. हे शेवटचे शोधावे लागेल. आपल्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलतात, ताटातल्या तांदळात नवे नाव लिहितात, त्यामुळे माहेरच्या दप्तरात ती वेगळ्याच नावाने असेल. चोळीबांगडीसाठी दिलेल्या जमिनीची याद, लग्नाच्या देण्याघेण्याचा कागद, कुलोपाध्यायांची वही, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळ, यांपैकी कुठेतरी ती सापडते. माहेरच्या कागदात ‘ताईसाहेब’ किंवा ‘अक्कासाहेब’ शोधा, नाव नव्हे.

तिघी एकच की वेगळ्या, याचा पक्का निकाल दोन गोष्टींवर. पहिल्या दोन कागदांत तिच्या नावापुढे ‘कोम’ असेल तर त्यापुढचे नवऱ्याचे नाव दोन्हीकडे सारखेच आहे का ते बघा. भोसल्यांकडे असो की देसायांकडे, आजोबाचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्याने त्याच नावांची जोडपी दोन पिढ्यांनी पुन्हा येतात. म्हणून नवऱ्याच्या बापाचे नावही जुळायला हवे. दुसरी गोष्ट तिसऱ्या कागदाची. तुम्ही फोटो मधल्या मजकुराचाच पाठवला आहे. कागदाच्या माथ्यावर गोल किंवा आठ कोनांचा काळा ठसा आहे का आणि अगदी शेवटी ‘मोर्तब सूद’ असे अक्षर आहे का, ते मला हवे आहे. पत्र आईसाहेबांना आलेले असेल तर ठसा पाठवणाऱ्याचा. पण मजकुरात ‘आज्ञा केली ऐसी जे’ असे काही असेल आणि पत्र आईसाहेबांकडून गेलेले असेल, तर तो ठसा त्यांचा स्वतःचा. तसे निघाले तर पुस्तिकेत त्या ठशाचे चित्र पानभर छापा.

कागदाला प्लास्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नका, त्यात ओल अडकते आणि ते पुन्हा काढता येत नाही. पावसाच्या आत काम उरका. ठशाचा फोटो खिडकीपाशी, सकाळच्या तिरक्या उन्हात घ्या. समोरून उजेड पडला की शाई चकाकते आणि अक्षर हरवते, बाजूने पडला की दाबलेली कड उठून दिसते. दोन-तीन बाजूंनी काढून पाठवा, मी वाचून कळवते.